झाकणाच्या आतली इंग्रजी

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. एकतीस वर्षं मी नळांच्या कारखान्याच्या गेटवर काढली. पितळी नळ. सुटी झाली की कामगारांची रांग लागायची. एकेकाचा डबा उघडायचा, आत बघायचं आणि 'हं' म्हणायचं. 'हं' म्हटलं की माणूस सुटला. डबा सकाळी भरून येतो आणि संध्याकाळी रिकामा जातो, ही जगाची रीत. संध्याकाळी कुणाच्या डब्यात भात शिल्लक दिसला, की मी त्यात सायकलच्या चाकाची तार खुपसायचो. टक्‌ असं वाजलं की समजावं, भाताखाली नळाची पितळी चावी आहे. एकतीस वर्षांत त्रेचाळीस जण धरले. माझ्या तोंडावर मला कुणी काही बोललं नाही. पाठीमागे काय बोलत असतील ते बोलोत.

खरं तर सांगायला बसलोय आमच्या हिच्याबद्दल, आणि सुरुवात केली माझ्यापासून. जित्याची खोड.

तर आमची ही. सातवीपर्यंत शिकलेली, ठेंगणी, हातानं चपळ, तोंडानं कमी. माणसांशी कमी बोलते, पण भांड्यांशी दिवसभर बोलते. "थांब जरा, काय घाई आहे तुला?" हे दुधाला. "तू अजून कच्चाच का?" हे बटाट्याला. चौतीस वर्षं मी ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत हे ऐकत आलो. बाहेरून आली की दारातच पिशवीचं तोंड उघडून उभी राहायची. मी तसं कधी सांगितलं नव्हतं हो. पण गेटवरचा माणूस घरी आला तरी गेटवरचाच असतो. मी आत डोकावून 'हं' म्हणायचो आणि मग ती चपला काढायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो.

यंदा एका सकाळी दूध उतू जायला आलं आणि ही दुधाला म्हणाली, "स्लो, स्लो."

मी पेपर खाली केला. "काय म्हणालीस?"

"कुठं काय?" म्हणाली आणि गॅस बारीक केला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. चौतीस वर्षं मराठी ऐकत आलेलं दूध आज इंग्रजी ऐकतंय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. ती आंघोळीला गेली तसा मी स्वयंपाकघरात शिरलो. डाळीच्या डब्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. 'सिमर – मंद आचेवर ठेव.' तांदळाच्या डब्यात, 'ड्रेन – पाणी काढून टाक.' मिठाच्या बरणीत, 'अ पिंच – चिमूटभर.' पिठाच्या डब्यात दोन होत्या. 'नीड – मळ' आणि 'लेट इट रेस्ट – जरा राहू दे.' अक्षर तिचं नव्हतं. गोल, वळणदार, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं होतं. आणि कपाटाच्या दाराच्या आत लाल शाईनं लिहिलेली सगळ्यांत मोठी चिठ्ठी, 'मूव्ह बॅक! हॉट ऑइल! – मागं हो! तेल तापलंय!'

मी एक पाहिलं. सगळं 'ठेव, टाक, मळ, हो'. ही वाक्यं स्वतःसाठी नसतात, दुसऱ्या कुणाला तरी सांगायची असतात. आमच्या घरात आम्ही दोघंच. मला ही चौतीस वर्षांत 'मागं हो' कधी म्हणाली नव्हती. मग सांगायचंय कुणाला?

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवले. छोटा कुकर दिसेना. विचारलं तर म्हणे, दुरुस्तीला दिलाय. मऊ झालेल्या दोन जुन्या चादरी गेल्या. "फाटल्या होत्या." चांगली लांब दांड्याची पळी गेली. "कुठंतरी असेल." गेटवर शिकलेली पहिली गोष्ट ही, की मुरलेला चोर एकदम काही नेत नाही, रोज एकेक नेतो. आणि हिनं माळ्यावरची बॅग उतरवून, पुसून, पलंगाखाली ठेवलेली मला सापडली. रिकामी. पण पुसलेली.

आता लपवून काय करू? मला धसका बसला. ही घर सोडून चाललीय, हे मला त्या दिवशी कळून चुकलं. कुठं, कुणाकडे, ते कळेना. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, मित्र म्हणावा असा एक नाही, आणि मुलगा दोन वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. ही गेली तर या दोन खोल्यांत मी आणि भिंती. रागानं माझं पित्त खवळलं. घाबरलो की मी रागावतो, हे मला आता कळतंय. तेव्हा नुसता राग कळत होता.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या मास्तरांवर. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, एकटे, टापटीप, रोज इस्त्रीचा शर्ट. अक्षर त्यांचंच असणार. मी तडक वर गेलो.

दार त्यांनी उशिरा उघडलं. कानात यंत्र लावत म्हणाले, "या! हिंग शिकायचंय का?"

"काय?"

"हिंगाला इंग्रजीत काय म्हणतात, ते वहिनींनी विचारलं होतं. मला आठवत नव्हतं. डिक्शनरीत बघून ठेवलंय."

"ही तुमच्याकडे येते?"

"मंगळवार-शुक्रवार सोडून रोज. दहा मिनिटं. जिन्यातच उभ्या राहतात, आत येत नाहीत." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना हसू फुटलं. "अहो, काय हे! माझे दात बघा, सगळे बसवलेले आहेत. कान बसवलेला आहे. मला ठेवून घेणारी आता फक्त नर्स."

मी खजील झालो, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "कशासाठी शिकतेय ती?"

मास्तर गंभीर झाले. "ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण पन्नास वर्षं शिकवलं, असा विद्यार्थी पाहिला नाही. व्याकरण नको म्हणतात, फक्त ओट्यापुरतं द्या म्हणतात. पहिल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, मास्तर, आधी 'मागं हो' द्या. बाकी सगळं नंतर."

मास्तर सुटले. उरले मंगळवार-शुक्रवार. त्या दोन दिवशी ही अकरा वाजता निघायची आणि चारला परत यायची. गुडघ्याच्या व्यायामाचा वर्ग, असं सांगितलं होतं. मी गुडघ्याला पट्टी बांधून घेण्याच्या निमित्तानं त्या वर्गाच्या ठिकाणी जाऊन आलो. वर्ग बारापर्यंतच चालतो. आणि हिचं नाव त्यांच्या यादीत नाही!

मी हिला काही बोललो नाही. चोराला सावध करायचं नसतं. शुक्रवारी ती निघाली, दोन मिनिटांनी मी निघालो. ती बसमध्ये पुढच्या दारानं चढली, मी मागच्या. टोपी डोळ्यांवर ओढून बसलो. ती नदीच्या पुलापलीकडे उतरली. कोपऱ्यावर गाजरं घेतली, निवडून निवडून, बारकी. मग एका चार मजली इमारतीत शिरली आणि जिना चढली. गुडघेदुखीवाली बाई तीन मजले धडाधड चढली! मी दुसऱ्या मजल्यावर दम खात उभा राहिलो.

तिसऱ्या मजल्यावर घराबाहेर लांब गच्चीवजा व्हरांडा. स्वयंपाकघराची खिडकी त्या व्हरांड्यातच उघडत होती. मी खिडकीच्या बाजूला भिंतीला टेकलो. आतून हिचा आवाज आला.

"कट स्मॉल. नो, नो, स्मॉलर. यस! गुड."

मग एक तरुण बाईचा आवाज. "लाइक धिस, आई?"

आई. तो आवाज मी फक्त एकदाच ऐकला होता, पण ओळखला.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगावंच लागेल. टाळत होतो.

माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं एक मुलगी पसंत केली. ती डोळे तपासून चष्म्याचे नंबर देते. आमची भाषा तिला येत नाही, तिची आम्हाला येत नाही, दोघं आपसात इंग्रजीत बोलतात. मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं होतं. तिला काय हवंय आमच्याकडून, असं मी हिला रोज विचारायचो. ही म्हणायची, "तुमचा मुलगा हवाय, दुसरं काय आहे आपल्याकडे?" ती पहिल्यांदा घरी आली. दारातून आत आली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि हिच्या पाया पडायला वाकली. आणि माझा हात पर्समध्ये गेला. देवाशपथ सांगतो, मी ठरवून केलं नाही. पिशवी समोर आली की हात जातो. आत एक स्टीलचा डबा होता. मी डबा उघडला. आत घरी केलेला केक होता, थोडा एका बाजूला बसलेला. मी टेबलावरच्या चमच्याची दांडी उचलली आणि त्या केकमध्ये तळापर्यंत खुपसली.

टक्‌ वाजलं नाही. खाली काहीच नव्हतं.

मान वर केली तर तिघंही माझ्याकडे बघत होती. ती मुलगी इंग्रजीत एकच वाक्य बोलली, हळू. मुलानं त्याचा अर्थ सांगितला नाही. तिचा हात धरला आणि दोघं गेली. डबा तसाच राहिला. त्यानंतर मुलगा आला नाही, लग्नालाही बोलावलं नाही. मी दोन वर्षं मानत आलो, की ती पोरगी मला शिवी देऊन गेली.

तर ती आता खिडकीच्या आत गाजरं चिरत होती.

"नाऊ स्लो फायर," ही म्हणाली. "कव्हर. फाइव्ह मिनिट्स. डोन्ट टच."

"आय वाँट टू सी."

"डोन्ट टच! लेट इट रेस्ट. यू ऑल्सो रेस्ट."

ती मुलगी हसली. आमची हीसुद्धा हसली. चौतीस वर्षांत मी हिला स्वयंपाक करताना हसताना ऐकलं नव्हतं. आणि तेवढ्यात आत तान्हं मूल रडलं.

मला वाटलं, कान वाजताहेत. पुन्हा रडलं. चांगलं ठणठणीत.

दार उघडलं. चष्मेवाली कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर येत होती. मला बघून थिजली. पिशवी तिनं छातीशी धरली, दोन्ही हातांनी, कचऱ्याची पिशवी! मी ती ओढून घेईन, असं तिला वाटलं असावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून ही आली. हात पुसत, अजिबात न दचकता. "आलात? मला वाटलं गेल्या मंगळवारीच याल. वयानं मंदावलात."

"तुला माहीत होतं?"

"बसमध्ये टोपी घालून बसलं की माणूस दिसत नाही का? आता दारात उभे राहू नका. शेजारी बघताहेत."

मी आत गेलो. एकच खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी आमचा छोटा कुकर, आमची पळी. पाळण्यात आमच्या दोन जुन्या चादरी, आणि त्यांवर हातपाय झाडत एक पोरगी. कपाळ थेट माझ्या मुलाचं. म्हणजे माझंच.

"किती महिन्यांची?"

"चार."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

मी खोटं बोलणार नाही. मी म्हणालो असतो, आता मूल पुढं करून घरात शिरायला बघतायत. शब्दन्‌शब्द हेच म्हणालो असतो. ते हिला माहीत होतं, मलाही.

मग ती बोलली. हिला इतकं सलग बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मूल झाल्यावर मुलानं गुपचूप फोन केला होता. ये, पण बाबांना कळता कामा नये. ही डबा घेऊन इथं आली. मुलगा कामावर. सूनबाईची आई लहानपणीच गेलेली, तिला ब्रेड आणि उकडलेलं अंडं यापलीकडे काही येत नव्हतं. दोघी समोरासमोर बसल्या, आणि दोघींना एकमेकींचा एक शब्द कळेना. खुणांवर भागवलं. दुसऱ्या खेपेला ही तळण करायला उभी राहिली आणि सूनबाई बघायला शेजारी आली. तेल जास्त तापलं. ही ओरडली, "मागं हो! तेल तापलंय!" तिला वाटलं, सासू काहीतरी मागतेय. ती आणखी पुढं आली.

"दाखव गं," ही म्हणाली, मग आठवून, "शो हिम. हँड."

मुलीनं हात दाखवला नाही. पाठीमागे घेतला. पण मनगटापासून कोपरापर्यंतचा गुलाबी डाग मला दिसला होता.

"मी ओरडतेय, आणि लेकरू तेलाकडे येतंय," ही म्हणाली. "माझ्या तोंडात शब्द असते तर तिचा हात वाचला असता. त्या दिवशी घरी आले आणि जिना चढून थेट मास्तरांच्या दाराशी उभी राहिले. तुम्ही पेपर वाचत होतात."

आता मला ती लाल शाईची चिठ्ठी कळली. मी आपला सतरा गोष्टी जोडत बसलो होतो.

"आणि आणखी एक सांगते. आता मला येतं तेवढं. तुम्ही केकमध्ये चमचा खुपसला ना, तेव्हा ती काय म्हणाली होती, ते मी तिच्याकडूनच विचारून घेतलं. ती म्हणाली होती, 'मी पहिल्यांदाच केलाय, तुमच्यासाठी.' एवढंच."

दोन वर्षं मी ज्याला शिवी म्हणत होतो ते हे. मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस परक्या घरात रडतो, हे बरं दिसत नाही, पण आलं. मी खाली बघून म्हणालो, "सॉरी."

"मोठ्यानं," ही म्हणाली. "तिला ऐकू गेलं नाही."

मी मान वर केली आणि पुन्हा म्हणालो. मुलीनं ऐकून घेतलं. 'असू दे' नाही, 'ओके' नाही. नुसतं ऐकून घेतलं आणि आत गेली. ते तिचं बरोबरच होतं.

आतून तिनं हिला विचारलं, "ही एट?" म्हणजे मी जेवलोय का.

"नो," ही म्हणाली.

मुलीनं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. भात, गाजर-बटाट्याची भाजी. आणि पदर खोचून, म्हणजे तिला पदर नव्हता, पण तशी, कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. मी पहिला घास घेतला. खारट! चिमूटभर कसलं, मूठभर मीठ होतं. एरवी मी ताट सरकवलं असतं. मी गिळला आणि म्हणालो, "गुड. व्हेरी गुड."

तिनं डोळे बारीक केले. माझ्याच ताटातला बटाट्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि हिच्याकडे वळून बोट माझ्याकडे करून म्हणाली, "ही इज लाइंग!"

"जन्मात पहिल्यांदा चांगल्या मनानं खोटं बोललात," ही म्हणाली, "आणि तेही गेटवर धरलं गेलं."

दोघी हसल्या. मी हसलो नाही, पण जेवण सगळं संपवलं. मग हिनं माझं ताट उचललं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"एक तारखेपासून मी इथं राहायला येतेय. तिची रजा संपतेय. बाळाला बघायला कुणी नाही. तीन महिने, कदाचित जास्त."

बघा, माझा अंदाज खरा निघाला. ही घर सोडून चाललीच होती. मी चिठ्ठ्या बरोबर वाचल्या होत्या, बॅग बरोबर शोधली होती, पाठलाग बरोबर केला होता. फक्त ती कुणापासून लपवत होती, तेवढं ओळखता आलं नाही. ती माझ्यापासूनच लपवत होती.

"मला कधी सांगणार होतीस?"

"निघायच्या दिवशी. दारात."

"आणि मी?"

"तुमचं काय, ते तुम्ही बघा. मी चौतीस वर्षं बघितलं."

ती रागानं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. भांडली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला येतं.

शुक्रवारी दीडला मुलगा जेवायला घरी येतो, हे मला ठाऊक नव्हतं. जिन्यावर त्याची पावलं वाजली आणि बाहेर माझ्या चपलांपाशी थांबली. माझ्या चपला त्याला न ओळखायला काय झालं? बराच वेळ दार ढकललं गेलं नाही. मग तो आत आला. दोन वर्षांत पोटानं सुटलाय, कानाशी एक पांढरा केस. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. अवजारांची पेटी खाली ठेवली, पाळण्याशी गेला, मुलगी जागेवर आहे का ते पाहिलं, बायकोला नखशिखांत पाहिलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात आईला खालच्या आवाजात विचारलं,

"हे कशाला आलेत? काय हवंय यांना?"

तो सूर मी कुठंही ओळखला असता. तो माझा होता. नाक, कपाळ, सगळं बापाचं घेतलंस ना रे, मग हेही घेतलंस! मी त्याला सायकल दिली, शिक्षण दिलं, आणि सगळ्यांत नीट दिलं ते हे.

ही भाजीचं पातेलं घासत राहिली. तिनं माझ्या वतीनं एक शब्द उच्चारला नाही, आणि मला कळलं की उच्चारणारही नाही.

मी उठलो. काय हवंय, हे त्यानं विचारलं होतं, तर सांगायला हवं होतं. कधी कुणाला विचारायची सवय नाही.

"तुझी आई इथं राहील," मी म्हणालो. "राहू दे. तिनं राहिलंच पाहिजे. मला एकट्याला करमायचं नाही, ते माझं मी बघेन. पण तिला… या पोरीला…" मी पाळण्याकडे बोट केलं. "मी बघायला येऊ का? अधूनमधून. तुम्ही म्हणाल तेव्हा. म्हणाल तर दारातूनच बघून जाईन."

मग त्यानं ते सगळं बायकोला इंग्रजीत सांगितलं. माझ्या वाक्यांपेक्षा त्याचं जास्त लांब झालं, काय काय सांगितलं कोण जाणे. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली, चष्म्याचा नंबर काढताना बघतात तशी, घाई न करता. बाळ तिनं पाळण्यातून उचलून खांद्यावर घेतलं होतं. माझ्या हातात दिलं नाही.

"संडे," ती म्हणाली. आणि मला नीट कळावं म्हणून एक बोट वर केलं. "ओन्ली संडे."

मी बाजूला ठेवलेली टोपी उचलली, आणि विचारलं, "किती वाजता?"